स्टुटगार्टमधले चिनी डोंगर

जर्मनीहून परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" आणि मी खरं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. लोकांना मोटारी हव्या असतात, किल्ले हवे असतात, निदान बर्फ तरी हवा असतो. आम्ही पाहिले चिनी डोंगर. रेशमावर शाईनं काढलेले, त्यात मुंगीएवढे भिक्षू आणि धुक्यात अर्धा बुडालेला विहार. "चीनचे डोंगर बघायला जर्मनीला कशाला जायचं?" असं आमच्या शेजारच्या बाईंनीही विचारलं. म्हणून आता सगळं लिहूनच काढते, म्हणजे प्रत्येकीला चहा करून पहिल्यापासून सांगत बसायला नको.

मुळात जायचं ठरलं ते ह्यांच्यासाठी. ह्यांनी वाईच्या शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवली, त्यामुळे सगळं गाव ह्यांना सर म्हणतं. घाडगे त्याच शाळेत भूगोल शिकवायचे. दोघांची मैत्री अशी, की संध्याकाळी घाटावर फिरून आल्यावर घाडगे ह्यांना सोडायला आमच्या दारापर्यंत यायचे, मग हे घाडग्यांना सोडायला त्यांच्या दारापर्यंत जायचे, आणि तिथून पुन्हा तेच. घाडग्यांच्या पत्नी कुसुमवहिनी आणि मी, आम्ही दोघींनी ह्या प्रकारापुढे कधीच हात टेकले होते.

गेल्या थंडीत घाडगे हृदयाच्या ऑपरेशनसाठी पुण्याला निघाले. रिक्षा आमच्या दारात थांबली, वहिनी आत बसल्या होत्या. "चार दिवसांत आलोच," घाडगे म्हणाले. एरवी हे स्टँडपर्यंत गेले असते आणि एस.टी. हलेपर्यंत खिडकीशी बोलत राहिले असते. त्या दिवशी फाटकाच्या आतच थांबले. गुडघा दुखतोय म्हणाले. गुडघा-बिडघा काही नव्हतं हो. डोळे भरून आले होते, आणि ते मित्राला दिसू नयेत म्हणून हे कडी धरून तिथंच उभे राहिले. घाडगे ऑपरेशनमधून उठलेच नाहीत.

त्यानंतर ह्यांचं फिरणं बंद झालं, बोलणं जेवणापुरतं उरलं, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे कुसुमवहिनींकडे हे एकदाही गेले नाहीत. आपल्याकडे असं चालत नाही. चार घरं सोडून राहणारा माणूससुद्धा भेटून येतो. मी एकटी जायची, आणि वहिनी दर वेळी विचारायच्या, "भाऊजी बरे आहेत ना?" मी गुडघ्यावर ढकलायची. हे मला एकदाच म्हणाले, "शेवटचं सोडायला गेलो नाही मी त्याला. कुठल्या तोंडानं वहिनींसमोर बसू?" त्यावर मी सरळ लेकाला फोन केला. तो म्हणाला, "आई, बाबांना घेऊन इकडे ये, जागा बदलली की बरं वाटेल."

नेकारसुल्म

आमचा अमेय नेकारसुल्मला मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर आहे. सूनबाई मृण्मयी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि नात इरा तिसरीत आहे. इराला मराठी सगळं समजतं. मी विचारलं, "पोळी हवी का गं?" की ती "नाइन, ओमा", म्हणजे "नको, आजी" म्हणते आणि पोळी घेते. गाव टापटीप, नेकार नदी शहाण्या मुलीसारखी काठाकाठानं वाहणारी, आणि मागच्या उतारावर द्राक्षांचे मळे. वाईच्या डोंगरांची सर नाही, पण ऑक्टोबरात वेली पिवळ्या होतात तेव्हा बघत राहावंसं वाटतं, हे मान्य करायला हवं.

पहिल्याच रविवारी मी खोबऱ्याची चटणी करायला मिक्सर लावला तर मृण्मयी धावत आली. "आई, आज रविवार. मिक्सर नको." मला आधी वाटलं, हिचा उपवास आहे. तर तसं नाही, रविवारी तिथं आवाज करायचा नसतो. मिक्सर नाही, ड्रिल नाही, खालच्या काचकचऱ्याच्या पेटीत बाटल्या टाकायच्या नाहीत. "मग इडली कशाशी खायची?" मी विचारलं. "मग सॉसशी," अमेय म्हणाला. मी त्याच्याकडे असं बघितलं, की तो मुकाट्यानं ताटलीत तोंड घालून खायला लागला.

दुसरी माझी फजिती गॅलरीची. सकाळी अमेय कामाला निघायचा, "चूस", म्हणजे "अच्छा" म्हणायचा आणि दार लागायचं. संपलं. आपल्याकडे माणूस उंबऱ्यात अर्धा तास, जिन्यात पंधरा मिनिटं आणि गाडीत बसल्यावर काचेतून पुन्हा सुरू. मला राहवेना. मी रोज गॅलरीत जाऊन तो कोपऱ्यावर वळेपर्यंत हात हलवायची. चौथ्या दिवशी मृण्मयी हळूच म्हणाली, "आई, खालच्या मजल्यावरच्या बाई विचारत होत्या, तुमच्या सासूबाईंना काही मदत हवी आहे का? रोज हात करून कुणाला तरी बोलावतात." आम्ही दोघी पोट धरून हसलो. हे मात्र खिडकीत बसून होते, त्यांनी मान वळवली नाही.

जागा बदलून बरं वाटेल म्हणे. वाईला ज्या खुर्चीत बसायचे तिच्याऐवजी नेकारसुल्मच्या खुर्चीत बसायला लागले, एवढाच काय तो बदल झाला. अमेयनं मोटारींचं संग्रहालय दाखवलं, बाजारात नेलं, ताजे श्पेत्सले खायला घातले. श्पेत्सले म्हणजे आपल्या जाड शेवया, उकळत्या पाण्यात सोडून वर चीज आणि तळलेला कांदा घालतात. मी दोनदा वाढून घेतले. हे म्हणाले, "छान आहे," आणि काटा खाली ठेवला. रात्री अमेयचं तोंड बघवेना. त्याचा बाप त्याच्यासमोर बसून होता आणि त्याच्या हाती लागत नव्हता.

शेवटी मृण्मयीनं डोकं लढवलं. स्टुटगार्टच्या एका संग्रहालयात चिनी चित्रांचं प्रदर्शन होतं. जुनी चित्रं, बौद्ध विषयांवरची, डोंगरदऱ्यांची. "बाबा, ही रेशमावरची चित्रं उजेडानं खराब होतात, म्हणून थोडेच दिवस बाहेर काढतात, मग कित्येक वर्षं गुंडाळून ठेवतात. या रविवारी उतरवणार आहेत," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी हे इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते.

स्टुटगार्ट

स्टुटगार्ट म्हणजे वाटीत वसलेलं गाव. कुठंही जायचं तर चढ नाही तर उतार, त्यामुळे माझ्या गुडघ्यांनी तिथं खरोखरच कुरकुर केली. प्रदर्शनाच्या दालनात पाऊल टाकलं तर दारातच दगडी बुद्धमूर्ती. उजेड मंद, सगळे गप्प, कुठं खाकरण्याचाही आवाज नाही. माझ्या पायांनी मला न विचारताच बूट काढले. माझं बघून ह्यांनीही काढले. दोन्ही जोड भिंतीशी नीट लावून ठेवले, मूर्तीला नमस्कार केला आणि आम्ही मोज्यांवर पुढं गेलो. मृण्मयी तिकिटांचं बघत मागं राहिली होती, नाहीतर तिनं अडवलं असतं.

आत एका उभ्या चित्रासमोर पाच-सहा माणसं जमली होती आणि फ्राउ केलर नावाच्या एक बाई माहिती देत होत्या. सत्तरीच्या असाव्यात. पांढरे आखूड केस, पायात पळायचे बूट. त्या जर्मनमध्ये बोलायच्या, मृण्मयी आमच्या कानाशी मराठी करायची. चित्र माणसापेक्षा उंच. ते खालून वर बघत जायचं, असं बाईंनी सांगितलं. खाली ओढा, लाकडी पूल, पुलावर काठी घेतलेला एक भिक्षू. तिथून वाट झाडांत शिरते आणि दिसेनाशी होते. मग बरंच वर झाडांच्या शेंड्यांमधून विहाराचं छप्पर तेवढं डोकावतं. त्याच्यावर नुसतं धुकं, आणि धुक्याच्याही वर डोंगराचा कडा.

"हा भिक्षू आधी दिसत नाही," बाई म्हणाल्या. "तो दिसावा म्हणून डोंगर काढलेला नाही. डोंगर बघता बघता तो सापडतो." मग त्यांनी विचारलं, "हे धुकं चित्रकारानं कसं काढलं असेल?" हे एकदम मराठीत म्हणाले, "काढलंच नाही. तिथं रेशीम कोरं आहे." मृण्मयीनं सांगितल्यावर बाई खूश झाल्या, "गेनाऊ," म्हणजे "अगदी बरोबर," म्हणाल्या. बौद्ध साधूंना शून्याचं मोठं महत्त्व, म्हणून ह्या चित्रांत न काढलेली जागा काढलेल्या जागेइतकीच मोलाची, असं त्यांनी समजावून सांगितलं.

मी ह्यांच्या कानात म्हटलं, "अहो, आणि तुम्ही जन्मभर पोरांचे मार्क कापलेत, कागद कोरा ठेवला म्हणून." हे माझ्याकडे बघून म्हणाले, "मग काय करणार? आमच्या बोर्डाचं पुस्तक वेगळं होतं." कितीतरी महिन्यांनी ह्यांनी मला असं उलट उत्तर दिलं होतं. मला इतकं बरं वाटलं, की मी पुढं भांडलेच नाही.

चित्रभर लाल शिक्के होते. कोपऱ्यात, कडेला, एक तर चक्क आकाशात. ज्याच्या ज्याच्या मालकीचं हे चित्र झालं त्यानं त्यानं आपला शिक्का उमटवला, म्हणे. मृण्मयीला ते विचित्र वाटलं. मला नाही वाटलं. आपल्या स्टीलच्या पातेल्यांवर आपण नावं घालतोच की, आणि आजेसासूबाईंचं नाव असलेलं पातेलं मी अजून वापरते.

पुढच्या चित्रात कड्याखालच्या गुहेत एक अर्हत, म्हणजे बुद्धाचा सिद्ध झालेला शिष्य, बसलेला. जाड भुवया, हे मोठं नाक, कानात बाळी. "हा भारतीय आहे," फ्राउ केलर आमच्याकडे बघून हसत म्हणाल्या. चिनी चित्रकारांनी भारतीय माणूस कधी पाहिलेला नसायचा, तरी बुद्धाचे शिष्य तिकडचे म्हणून अंदाजानं असे काढायचे. मला तो थेट आमच्या पिठाच्या गिरणीवाल्यासारखा दिसला. हे म्हणाले, "गुहा मात्र बरोबर काढली आहे. आपल्या वाईजवळच्या लोहाऱ्याच्या लेण्यांत पावसाळ्यात बसलं की असंच वाटतं. आपल्याकडे भिक्षूंनी डोंगर पोखरून घर केलं, ह्यांनी डोंगराच्या खांद्यावर बांधलं." मृण्मयीनं हेही बाईंना सांगितलं, आणि बाई लेण्यांबद्दल प्रश्नांवर प्रश्न विचारायला लागल्या.

गप्पा रंगल्या असताना एक उंच रखवालदार येऊन माझ्या पायांकडे बघायला लागला. बेवारस सामान म्हणून आमचे बूट त्यानं उचलून खाली गार्डरोबमध्ये, म्हणजे कोट-पिशव्या ठेवायच्या खोलीत, जमा केले होते. मोज्यांवर फिरलेलं चालत नाही, कुणी घसरलं तर जबाबदारी त्यांची. मृण्मयीनं कपाळाला हात लावला. देव समोर असल्यावर बूट काढतात, हे तिनं त्याला समजावून सांगितलं, तेव्हा तो मूर्तीकडे बघून क्षणभर विचारात पडला आणि मग स्वतःच आम्हाला खालपर्यंत पोचवायला आला. बूट मिळेपर्यंत सगळ्यांना भुका लागल्या, त्यामुळे शेवटचं दालन राहूनच गेलं.

त्या संध्याकाळी ह्यांनी इराचे रंग मागून घेतले. स्वयंपाकघराच्या टेबलावर वाईचा पांडवगड काढला, आणि मधे पांढरी जागा ठेवायचा प्रयत्न केला. जमेना. "हात थांबत नाही," म्हणाले, "सवय नाही." तीन कागद गेले. मग ब्रश धुता धुता म्हणाले, "परवा परत जाऊ या का? एक दालन राहिलंय." ह्यांनी आपणहून कुठं जायचं नाव काढलं होतं. मी भाजीत मीठ घातलं की नाही हे मला आठवेना, म्हणून पुन्हा घातलं, आणि ती खारट भाजी कुरकुर न करता सगळ्यांनी खाल्ली.

पुन्हा स्टुटगार्ट

रविवारी आम्ही तिघं गेलो ती प्रदर्शनाची शेवटची सकाळ. ह्या वेळी बूट पायातच ठेवले आणि मूर्तीची मनातल्या मनात माफी मागितली. फ्राउ केलरनी आम्हाला ओळखलं आणि सरळ शेवटच्या दालनात नेलं.

तिथलं चित्र लहानसं होतं. डोंगराचा पायथा, ओढ्यावरचा पूल, आणि पुलाच्या अलीकडे तीन म्हातारे. तिघंही हसतायत. नुसते हसत नाहीत, एकानं दुसऱ्याचा दंड धरलाय, तिसरा पोटावर हात ठेवून वाकलाय. मधला डोकं भादरलेला, तो भिक्षू. बाईंनी गोष्ट सांगितली. हा भिक्षू डोंगरातल्या विहारात राहायचा. त्याचा नेम होता, की पाहुण्यांना सोडायला जायचं ते ओढ्यापर्यंतच, पूल ओलांडायचा नाही. राजा आला तरी नाही. एकदा त्याचे दोन मित्र भेटायला आले. एक कवी, दुसरा वेगळ्याच पंथाचा साधू. निरोप द्यायला हा निघाला, बोलण्यात तिघं असे रंगले, की पूल कधी ओलांडला हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मागं डोंगरात वाघानं डरकाळी फोडली, तेव्हा भिक्षूनं वळून पाहिलं. नेम मोडला होता. आणि तिघंही हसत सुटले.

आजूबाजूचे लोक हसले. मीही हसले, कारण मला घाटावरून येणारे आमचे दोघं डोळ्यांसमोर दिसले. मग मी ह्यांच्याकडे पाहिलं आणि माझं हसू गेलं. ह्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"खोटं आहे हे चित्र," हे म्हणाले. हळू नाही, शाळेच्या आवाजात. "ह्याला हसू कसलं येतंय? सोडायला जातो तेव्हा माणसाला हसू येत नाही. समोरचा परत येणार की नाही हे ह्याला कळलंय का? अगदी शेवटच्या वेळी पाय उचलत नाही, त्याचं चित्र काढा म्हणावं."

सगळे वळून बघायला लागले. भाषा समजली नाही तरी राग कुणालाही समजतो. मृण्मयीचे डोळे एवढे मोठे झाले. "काय म्हणाले?" फ्राउ केलरनी विचारलं. मृण्मयी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "सांग तिला. जसं बोलले तसं सांग. आणि घाडग्यांचंही सांग." तिनं सांगितलं. मधेच ती अडली, कारण फाटकाचं तिलाही तोवर नीट माहीत नव्हतं, ते मी शेजारून पुरवत होते.

बाईंनी ऐकून घेतलं. खांद्यावर हात ठेवला नाही, गोड बोलल्या नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. चित्राकडे वळल्या. मग म्हणाल्या, "अभ्यासक म्हणतात, ही गोष्ट घडलीच नाही. तारखा जुळतच नाहीत. भिक्षू गेला तेव्हा तो दुसरा साधू अजून लहान पोर होता. अशी तीन म्हाताऱ्यांची भेट होणंच शक्य नव्हतं." आणि पुढं म्हणाल्या, "पण नंतरच्या लोकांना वाटत राहिलं, की व्हायला हवी होती. म्हणून शेकडो वर्षं काढतायत."

मृण्मयीनं मराठीत सांगितलं. हे पुन्हा चित्राजवळ गेले, अगदी काचेला नाक लागेल इतके, आणि त्या भिक्षूकडे बघत राहिले. मागची माणसं पांगली. मग हे वळले, फ्राउ केलरना हात जोडून नमस्कार केला आणि बाहेर पडले.

आम्ही मागोमाग गेलो. बाहेर चेस्टनटच्या झाडाखाली बाक होता, तिथं हे बसले होते. ऊन पडलं होतं पण हवेत गारठा. मृण्मयी समोरून ब्रेझेल, म्हणजे तिकडचा पिळाचा खारा पाव, आणायला गेली, खरं म्हणजे आम्हाला दोघांना एकटं सोडायला गेली. मी शेजारी बसले.

"फोन लाव," हे म्हणाले.

"कुणाला?"

"कुसुमवहिनींना."

मी दोनदा चुकीचं बटण दाबलं. वाईला दुपार होऊन गेली होती. वहिनींनी उचलला. मी फोन स्पीकरवर करून ह्यांच्या हातात दिला.

"वहिनी, मी बोलतोय."

पलीकडून वहिनी म्हणाल्या, "बोला भाऊजी. बरे आहात ना?"

"मी त्या दिवशी स्टँडवर यायला हवं होतं," हे म्हणाले. प्रस्तावना नाही, तब्येतीची चौकशी नाही, एकदम हेच. "माझा गुडघा दुखत नव्हता वहिनी. त्याच्यासमोर रडायला येईल म्हणून मी आलो नाही."

"ते आम्हाला दोघांनाही कळलं होतं की भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "रिक्षा कोपऱ्यावर वळली तेव्हा हे मला काय म्हणाले, सांगू? म्हणाले, 'बरं झालं तो फाटकातच थांबला. स्टँडवर आला असता ना, तर मी पिशवी उचलून त्याच्याबरोबर घरी परत आलो असतो. ऑपरेशनला गेलोच नसतो.' आणि हसले हो. स्टँड येईपर्यंत हसत होते."

हे फोन दोन्ही हातांनी धरून बसले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ह्यांनी ते पुसलं नाही.

"मी हे कुणालाच सांगितलेलं नाही," वहिनी म्हणाल्या. "पोरांनासुद्धा नाही. तुम्ही याल तेव्हा तुम्हाला सांगायचं, म्हणून ठेवलं होतं. रोज वाटायचं, आज येतील."

मृण्मयी ब्रेझेलची पिशवी घेऊन आली आणि लांबच थांबली.

"वहिनी," हे म्हणाले, "परत एकदा सांगता का, काय म्हणाला तो?"

आणि कुसुमवहिनींनी रिक्षात बसल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं.